सुट्टीनंतरच्या तीनशे बैठका

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सांगितल्याप्रमाणे तू रुग्णालयात जाऊन आला असशील, असे धरून लिहितो. गेला नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी जा. गणपतीच्या सुट्टीहून दोन दिवस उशिरा परतलास म्हणून पहिल्याच संध्याकाळी शिक्षेच्या तीनशे बैठका काढल्यास, तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, आणि तरीही तुझा प्रश्न जिल्हा कबड्डी स्पर्धेआधी सराव चुकवावा की नाही, एवढाच! मला राग आला, तो तुझ्यावर कमी आणि ज्या परंपरेत मीही वाढलो तिच्यावर अधिक.

सवय मोडलेल्या स्नायूंवर एकाएकी असा भार पडला की त्यांचे तंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यात रत्नागिरीची भाद्रपदातली दमट हवा. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि शरीरातले पाणी मात्र जात राहते. अशा वेळी अंगदुखीवर घेतलेली गोळी मूत्रपिंडांना आणखी इजा करू शकते. तू घेतलेली गोळी कोणती होती, ते डॉक्टरांना सांग.

सुट्टीनंतर निम्म्याने सुरुवात करायची. अंगात ताकद असली की काही होत नाही, हा समज सोड. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू सुट्टीनंतरच्या कठोर सरावाने याच विकारापायी रुग्णालयात दाखल झाले होते, आणि ते काही अशक्त नव्हते.

मीही मुलांना अशाच शिक्षा दिल्या. माझ्या गुरूंनी मला तसेच घडवले होते आणि माझ्या हातून चांगले चढाईपटू तयार झाले, हेही खरे आहे. पण एका वर्षी पावसाळ्याच्या खंडानंतर माझ्या संघातल्या एका मुलाला डायलिसिसवर ठेवावे लागले, आणि त्याच्या वडिलांना मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सांगितले की तो पाणी कमी प्यायला असेल. ते वाक्य मी आजवर परत घेऊ शकलो नाही. मुलगा बरा झाला, पण मैदानावर पुन्हा आला नाही.

त्यानंतर माझ्याकडे एकच नियम राहिला: सुट्टीनंतर निम्म्याने सुरुवात आणि बैठकांची शिक्षा कधीच नाही. संघ मऊ पडला, असे लोक म्हणाले. त्या हंगामात आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, आणि त्याचे कारण आमच्या बचावातल्या चुका हेच होते, असे मी आजही ठामपणे म्हणतो.

तुझे मित्र तीनशे बैठका काढूनही ठणठणीत आहेत, हे मला सांगू नकोस. त्यांच्यातला कोणी सुट्टीतही रोज धावत असेल, कोणाचे नशीब बलवत्तर असेल. तुझ्या मूत्रपिंडांचा त्याच्याशी संबंध नाही. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या लघवीचा रंग बदलला, तर तो लाजेपोटी गप्प बसेल, म्हणून तुझे काय झाले ते तू त्यांना मोकळेपणाने सांग.

रक्ततपासणीतले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे) आणि क्रिएटिन कायनेजचे (स्नायूंची इजा दाखवणारे) आकडे मला कळव. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय मैदानात उतरायचे नाही, मग स्पर्धा बुडाली तरी चालेल. तुझ्या प्रशिक्षकांशी मी बोलेन, पण आधी तू स्वतः त्यांना लघवीचा रंग सांग, आणि सांगताना मान खाली घालू नकोस.