घोड्यामागचा तो अनवाणी माणूस कोण?

प्रश्न : आमच्या मामांकडे ब्रिटिशांच्या काळातल्या चित्राची एक जुनी प्रिंट आहे. पुढे फेटा, कमरबंद, भाला असा रुबाबदार घोडेस्वार आणि मागे एक अनवाणी माणूस, सोबत गवत लादलेलं तट्टू. मामा म्हणतात नोकर असेल कुणीतरी. नक्की कोण तो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या माणसावाचून त्या स्वाराचं चार दिवससुद्धा निभलं नसतं. शिलेदार हा शब्द तुम्हाला माहीतच असेल, स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी ही पद्धत शब्दासकट उचलली आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत मद्रासकडच्या ३ रेजिमेंट सोडल्या तर हिंदी घोडदळ सगळं असंच चालायचं. सरकार पगार देणार आणि घोडा, चारा, कपडे हे स्वाराने त्यातूनच बघायचं, मग दोघं स्वार मिळून एक तट्टू आणि एक माणूस ठेवायचे, तोच हा! कुणी सईस म्हणायचं, कुणी घसियारा, आपल्याकडे मोतद्दार. खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून काढायची, माती धुवायची, भारा तट्टूवर लादून तळावर आणायचा, वर खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासणं, आणि तोबरा, म्हणजे तोंडाला दाण्याची पिशवी बांधणं, आहेच. लढाईच्या मुलखातसुद्धा गवत आणायला हाच बाहेर पडायचा.

पण चित्रांत मान स्वाराचा. जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता, १८०३ मध्ये कंपनीकडे गेला आणि पिवळ्या अंगरख्यांचा रिसाला उभा केला, त्याचा दरबार दिल्लीच्या गुलाम अली खानने १८२७ मध्ये रंगवलाय, फार सुंदर काम. सईस मात्र बहुतेक चित्रांत कडेला, लगाम धरून किंवा हातात चवरी घेऊन, आणि खाली नाव नाही, नुसतं काम लिहिलेलं. मला म्हणून कलकत्त्याच्या शेख मुहम्मद अमीरची १८४० च्या आसपासची चित्रं जास्त आवडतात, ती साहेबांच्या घरच्या घोड्यांची आहेत, फौजेची नाहीत, पण त्यात साहेब दिसतच नाही, फक्त घोडा आणि त्याला धरून उभा असलेला सईस, त्यामुळे त्या माणसाकडे नीट बघावंच लागतं.

ही शिलेदारी पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली, मेलेल्या घोड्यांची भरपाई एकट्या स्वाराला कुठून झेपणार.

मामांना सांगा फ्रेम उघडून प्रिंटची खालची कड बघा, बऱ्याचदा रेजिमेंटचं नाव तिथे छापलेलं असतं आणि फ्रेमच्या पट्टीखाली दबतं. आणि त्या माणसाच्या हातात किंवा कमरेला खुरपं दिसतंय का तेही कळवा.