चिनी गाण्यांतील ‘ती’ आणि ‘तो’

प्रश्न : आजच्या चिनी गाण्यांत स्त्री-पुरुषांच्या भूमिका जुन्याच साच्यातल्या असतात का?

उत्तर : प्रेमगीतांत वाट पाहणारी ती आणि आधार देणारा तो अजूनही भेटतात, मात्र २००५ मध्ये हुनान वाहिनीच्या गायनस्पर्धेत आखूड केसांची, मुलांसारखा पेहराव करणारी ली युचुन प्रेक्षकांच्या मतांवर जिंकली, तेव्हा त्या साच्याला मोठा तडा गेला. मला अधिक मोलाचे वाटते ते तान वेइवेइ हिचे २०२० मधील ‘श्याओ ज्युआन’ हे गाणे. बातम्यांत अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख झाकण्यासाठी हेच नाव वापरले जाते, आणि गाण्यातली स्त्री आपले खरे नाव लक्षात ठेवण्याची मागणी करते. पुरुषांची चौकट मात्र आवळली गेली : २०२१ मध्ये सरकारी प्रसारण नियामकाने ‘बायकी’ दिसणाऱ्या कलाकारांना पडद्यावर मज्जाव करण्याचे आदेश वाहिन्यांना दिले.