वकील न लावता दावा लढवावा का?

नात्यातल्या आर्थिक व्यवहारावरून दिवाणी दावा अंगावर आलेली माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘माझे प्रकरण माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग वकील कशाला?’ एका निवृत्त शिक्षकांनीही मला हेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या मेहुण्याने उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा लावला होता, समन्स मिळून 12 दिवस झाले होते, आणि पूर्वीच्या एका प्रकरणात वकिलाने नुसत्या तारखा घेतल्याचा कडवटपणा मनात ताजा होता.

त्यांच्या हक्काविषयी शंका नव्हती. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकाराला आपली बाजू स्वतः मांडता येते. मी वकिली करत नसल्याने हो किंवा नाही म्हणण्याचे टाळले आणि दाव्याला द्यायचे उत्तर त्यांनाच घरून लिहून आणायला सांगितले.

चार दिवसांनी ते 11 पाने घेऊन आले. अक्षर सुरेख, भाषा त्याहून सुरेख. कोणी कोणाच्या लग्नात काय केले, आजारपणात कोण धावून आले, हे सारे त्यांत होते. दाव्याच्या सहाव्या परिच्छेदात मात्र मेहुण्याने म्हटले होते की, शिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी सही करून बाकी रक्कम मान्य केली आहे. त्याबद्दल 11 पानांत अवाक्षर नव्हते.

‘‘ही सही तुमची आहे का?’’

‘‘मुळीच नाही. ते धादांत खोटे आहे. खोट्याला काय उत्तर द्यायचे?’’

नेमकी इथेच मेख असते. जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही, ते मान्य आहे असे न्यायालय धरू शकते. शिवाय उसन्या पैशांच्या वसुलीसाठी 1963 च्या मुदत कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षे दिली आहेत, आणि ती संपण्याआधी कर्जदाराने लेखी कबुली दिली असेल तर मुदत नव्याने सुरू होते. मूळ व्यवहार चार वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे ज्या परिच्छेदाला त्यांनी उत्तरास अपात्र ठरवले, त्याच्यावरच सगळा दावा उभा होता.

मग मी त्यांची लटकी उलटतपासणी घेतली. तिसऱ्याच प्रश्नाला त्यांचा आवाज चढला आणि पाचव्याला, न विचारताच, ‘पैसे घेतले होते, पण’ असे त्यांच्या तोंडून निघाले. दुखावलेला माणूस आणि त्याची बाजू मांडणारा माणूस या दोन भूमिका एकाच वेळी निभावणे किती कठीण असते, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. माझ्या मते, स्वतः उभे राहायचे की नाही हे ठरवताना कायद्याच्या ज्ञानापेक्षा हीच कसोटी आधी लावावी. वाद लहान असेल, सगळे कागदांवर स्पष्ट असेल आणि साक्षीदार तपासण्याची फारशी गरज नसेल, तर स्वतः लढणे वेडेपणाचे नाही. कौटुंबिक न्यायालयात तर 1984 च्या कायद्यानुसार वकील लावणे हा पक्षकाराचा हक्कच नाही. आणि अडचण केवळ फीची असेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. हे फार थोड्या जणींना माहीत असते.

लेखी कैफियत, म्हणजेच दाव्याला द्यायचे उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारण नोंदवून 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. शिक्षकांनी दुसरा वकील पाहिला, मात्र कागदांची फाइल स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि प्रत्येक तारखेला हजर राहायचे ठरवले. कैफियत 26 व्या दिवशी दाखल झाली. 11 पानांची चार झाली होती आणि सही अमान्य असल्याचे त्यांत स्पष्ट लिहिले होते.

वगळलेला मजकूर त्यांनी माझ्याकडे आणून दिला. भाऊ आणि नवरा यांच्या कात्रीत सापडलेल्या त्यांच्या पत्नीविषयीचे परिच्छेद त्यातच होते, आणि आमच्या पुढच्या तीन बैठका, पत्नीला सोबत घेऊन, त्यांवरच झाल्या.