शस्त्रसंधी झाली आणि मला हायसं वाटलं. मी देशद्रोही आहे का?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान लढाई थांबल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या कॉलेजच्या मुलांनी हा प्रश्न आडून आडून विचारला. सरळ विचारला तो घोडबंदर रोडला राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाने. त्याला सुयश म्हणू. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.

आई घेऊन आली होती. "मॅडम, परीक्षा तोंडावर आलीय आणि हा रात्रभर फोन घेऊन बसतो. धड जेवत नाही. काही विचारलं की अंगावर येतो." आईला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा कुठे सुयशने तोंड उघडलं.

२२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात डोंबिवलीचे तिघे होते, आपल्याच जिल्ह्यातले, घरच्यांबरोबर फिरायला गेलेले. सुयशचा संताप तिथून सुरू झाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी तिरंगा टाकणारा हाच. पुढच्या रात्री जम्मूकडचे ड्रोन, ब्लॅकआऊट, सायरन, सगळं फोनवर. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमीही त्याने फॉरवर्ड केली. ती खोटी निघाली. हवाई हल्ल्याचा म्हणून आलेला एक व्हिडिओ तर चक्क गेममधला होता.

१० मेला संध्याकाळी पाचपासून लढाई थांबवायचं ठरलं. ग्रुपवर मित्र भडकले, अजून चार दिवस द्यायला हवे होते म्हणून. सुयशनेही रागाचा इमोजी टाकला.

"पण खरं सांगू मॅडम? मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. सुटल्यासारखं वाटलं. माझा मामा सीमेलगत राजौरीकडे आहे. मी फक्त त्याचाच विचार केला, देशाचा केलाच नाही."

"मामा काय म्हणतो?"

चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मामाने एवढंच विचारलं, "पेपर कधी सुरू होतायत?"

मला या वयाच्या मुलांत एक गोष्ट वारंवार दिसते. रागाला ग्रुपवर अंगठे मिळतात, भीतीला तिथे जागाच नसते. मग भीतीही रागाचेच कपडे घालून येते. रात्री दोन वाजता छाती धडधडते, झोप उडते, त्यालाच मुलं जोश समजतात. शरीराला मात्र राजौरी आणि घोडबंदर यांतलं अंतर कळत नाही. स्क्रीनवर स्फोट दिसला की ते सावध होतं आणि तसंच ताठ राहतं. पहलगामचा राग आणि मामाची काळजी एकाच पोरात राहू शकतात, एकीने दुसऱ्याला खोटं ठरवायचं कारण नाही, असं मी सुयशला सांगितलं. पटलं नाही. मान हलवली फक्त.

मग मी त्याला साताऱ्याला आजीला फोन करायला सांगितला. १९७१ मध्ये आजोबा आघाडीवर होते, हे त्याला ऐकून माहीत होतं. पुढच्या भेटीत आजीचे शब्द त्याने तिच्याच ठसक्यात ऐकवले: "लढाई थांबली म्हटल्यावर आमी समद्या बायका देवळात गेलो. जितल्याचा आनंद का माणूस परत येनार त्याचा, कुठं इचारत बसलो?" हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते म्हातारीने दोन वाक्यांत केलं.

बाकी साधंच. अकरानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला. बातम्या सकाळी आणि संध्याकाळी. संशयास्पद क्लिप आली तर पुढे ढकलण्याआधी सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर बघायचं. पेपर त्याने दिले, गणिताचा बरा गेला नाही. ग्रुप सोडलेला नाही आणि तसा मी आग्रहही धरला नाही.

पण दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, अचानक घाबरं होत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

निघताना आईने विचारलं, "मग घरात बातम्या लावायच्याच नाहीत का?" लावा की, पण त्याच्या शेजारी बसून बघा. आणि आवाज कमी ठेवा. वाहिन्यांनी कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या सायरनचे आवाज वापरू नयेत, अशी सूचना सरकारलाही १० मेला काढावी लागली होती.