नववीतल्या मुलीची शाळेतर्फे मे महिन्यात जर्मनीची भाषा सहल आहे, पासपोर्ट नाही. आम्ही कोल्हापुरात राहतो. तयारी कधी सुरू करू?

पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात भरा, कारण त्याशिवाय व्हिसाचं काहीच पुढे सरकत नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. मुलगी 18 वर्षांखालची असल्याने आई-वडील दोघांची संमती लागते. एक जण परगावी नोकरीला असेल तर त्यांची सही आधीच घेऊन ठेवा, अर्ज बहुतेक तिथेच अडतात.

पुढचे नियम युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेतले. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण एवढं ताणू नका, उन्हाळ्यात गर्दी असते. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. बोटांचे ठसे द्यायला मुलीला स्वतः हजर राहावं लागतं.

आणि खर्चाच्या यादीत व्हिसा फी लावली असेल तर शाळेला जरूर विचारा. शिक्षणासाठी जाणारे शालेय विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ही फी माफ आहे. पालक संकोचाने विचारत नाहीत आणि पैसे भरून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र भाषावर्गाचं वेळापत्रक आणि तिथल्या संस्थेचं पत्र जोडलेलं हवं. कार्यक्रम नुसताच फिरण्याचा असेल तर सवलत मिळणार नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं.