यशवंती खोटी, मग पोवाडा कशाला?

प्रिय मुक्ता,

वसतिगृहातल्या मैत्रिणींना तू तानाजीची गोष्ट सांगितलीस, आणि त्यांतली प्राणिशास्त्र शिकणारी हसली. घोरपड माणसाचं वजन पेलत नाही म्हणाली. त्यावर तू मला विचारतेस, "बाबा, खोटं आहे हे कळूनही आपण ही गोष्ट मुलांना का सांगतो?"

तिचं बरोबर आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांनंतर थोड्याच वर्षांत, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तीत घोरपड नाहीच. मावळेच कड्यावर चढतात. महाराजांच्या तोंडी वाक्य आहे ते "एक गड घेतला, परंतु एक गड गेला" असं. 'सिंहगड' हे नावसुद्धा 1670 च्या आधीच्या पत्रात सापडतं. म्हणजे आपल्या डोक्यातली अर्धी गोष्ट इतिहासाची नाही, शाहिराची आहे.

तो शाहीर तुळशीदास. त्याच्या पोवाड्यात जिजाबाई महाराजांशी फासे खेळतात, डाव जिंकतात आणि पणात कोंढाणा मागतात. तिकडे तानाजी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या गडबडीत. यशवंती घोरपड आधी माघारी फिरते, तेव्हा तो तिलाच दरडावतो! ऐंशीचा शेलारमामाही लढायला निघालेला. बखरकार दरबारासाठी लिहीत होता. शाहिरासमोर चावडीवर घोंगडं टाकून बसलेला कुणबी होता. त्याला राज्याचे डावपेच कशाला सांगायचे? पण मांडव पडलेला असताना घर सोडून जावं लागणं म्हणजे काय, हे त्याला न सांगता कळत होतं. गड राजाचा, पण थांबलेलं लग्न आपल्यातल्याच कुणाचं तरी. माझ्या मते पोवाडा टिकला तो या लग्नामुळे, घोरपडीमुळे नव्हे.

आणि टिकला तो कागदावर नाही. डफ, तुणतुणं, झांज, मागे "जी जी रं जी" म्हणणारे झीलकरी. गोंधळ्यांनी आणि शाहिरांनी तो पिढ्यान्पिढ्या तोंडी सांभाळला. 1891 मध्ये शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने असे पोवाडे गोळा करून छापले. कुठल्या दप्तरातून नाही, गाणाऱ्यांच्या तोंडून.

आता तुझ्या प्रश्नाचा मला खरा महत्त्वाचा वाटणारा भाग. 'आपण' म्हणजे कोण, हे या गोष्टींतून ठरत गेलं, पण एकदाच ठरून संपलं नाही. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यांचा शिवाजी 'कुळवाडीभूषण'. राजा तोच, पण त्याला आपला म्हणणारे लोक बदलले. हे काही सगळ्यांना रुचलं नाही, हे सांगायला नको.

मग 1944 मध्ये मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांग कुटुंबातले, शाळा जवळपास नाहीच, मुंबईत गिरणीत राबलेले. अमर शेख बार्शीकडचे, मुसलमान. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेला माणसं जमायची ती पुष्कळदा आधी यांना ऐकायला. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड सुरू होते गावी बायकोला सोडून आलेल्या मजुराच्या विरहाने, आणि शेवटाकडे तोच विरह बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावपर्यंत जाऊन पोचतो. नकाशाचं भांडण त्यांनी घरच्या ताटातुटीत आणून बसवलं. तुळशीदासाने लग्नाचं केलं तेच की हे! 1 मे 1960 ला राज्य झालं, मुंबईसह. बेळगाव बाहेरच राहिलं.

एक सांगून ठेवतो. डफ कुणाच्याही हातात वाजतो. 'आपण' कोण हे सांगता सांगता 'ते' कोण हेही गाण्यात सरकवता येतं, आणि हल्ली जयंतीच्या मिरवणुकांत ते मी ऐकलंय. त्या सुरावर मान डोलवण्याआधी अमर शेखांचं नाव आठव. महाराष्ट्र मागणारा तो आवाज कुणाचा होता!

तेव्हा पुढच्या वेळी यशवंती वगळू नकोस. ती तुळशीदासाची आहे, सभासदाची नाही, एवढं सांग आणि गोष्ट चालू ठेव. तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमात पोरांकडून पोवाडा बसवणार असाल, तर झीलकरी म्हणून त्या प्राणिशास्त्रवाल्या मैत्रिणीलाही घ्या. "जी जी रं जी" म्हणायला मराठी यावी लागत नाही. चाल मी फोनवर म्हणून दाखवतो. आवाजाला मात्र नावं ठेवायची नाहीत.

तुझा,
बाबा