मशीनच्या आधी ग्राइंडर बघ भाऊ

अरे, घरी एस्प्रेसो कॉफी करायला तू सगळं बजेट मशीनमधेच घालून राह्यला, हीच चूक मी पण केलती. ग्राइंडर, म्हणजे बीन्स दळायचं यंत्र, आधी पाहा बाप्पा. दळण एकसारखं नसलं तर कितीही महागाची मशीन घे, शॉट (एका वेळची एस्प्रेसो) कधी आंबट कधी कडू, आणि तुला वाटते मशीनच खराब आहे. "15 बार, 20 बार" असं डब्यावर लिहून असते ना, त्याच्या नादी लागू नको, एस्प्रेसोला 9 बारच्या आसपास प्रेशर पुरते.

सुरुवातीला 18 ग्रॅम पावडर टाकायची आणि 25-30 सेकंदात 36 ग्रॅम कॉफी निघाली पाहिजे, लवकर निघाली तर बारीक दळ, थेंब थेंब पडली तर थोडं जाड. छोटा वजनकाटा घेऊन ठेव. चिकोरीवाली फिल्टर कॉफी मात्र यात नको टाकू, ती वेगळी गोष्ट.

आता पाणी. आपल्या नागपुरात बेसा-मनीषनगरकडे बोअरचं असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून) नाही, आधी हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) तपासून घे, कारण क्षार बॉयलरमधे बसतात. माझी पहिली मशीन अशीच गेली, वर्षभर डिस्केल (साचलेले क्षार काढणं) केलंच नव्हतं! आता दोन-तीन महिन्यांनी करतो, कंपनीच्या मॅन्युअलमधे सांगितलेल्याच पावडरनं. दूध फेटलं की स्टीम वँड (वाफेची नळी) लगेच ओल्या फडक्यानं पुसायची अन् एकदा वाफ सोडायची, नाहीतर आत दूध सुकते. बॅकफ्लश (बिनछिद्राची जाळी लावून पाणी उलटं फिरवून आतून धुणं) फक्त थ्री-वे व्हॉल्व (शॉट झाल्यावर उरलेला दाब सोडणारा) असलेल्या मशीनचा करायचा.

आणि मे महिन्यात बीन्स गॅसजवळ ठेवू नको, आपलं ऊन माहीतच आहे तुला.